गरम बन प्लास्टिकमध्ये बांधल्याबद्दल व डुकराची चरबी असल्याची पाटी न लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
चिनी बेकरी, मेन स्ट्रीट शाखा, फ्लशिंग, क्वीन्स, न्यूयॉर्क

विषय: शनिवारी दुपारी घेतलेले पाइनॅपल बन, कॉकटेल बन (खोबऱ्याच्या गोड सारणाचा) आणि वाइफ केक (गोड सारणाचा पापुद्र्यांचा केक)

महोदय/महोदया,

सहा पाइनॅपल बन घेतले, त्यांतल्या एकाचंही वरचं कवच कुरकुरीत नव्हतं. माल शिळा नव्हता. उलट नुकताच भट्टीतून निघालेला होता आणि घोळ तिथेच झाला: गल्ल्यावर ते गरमागरम प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारून दिले.

या बनात अननस नसतो. भेगाळलेल्या पिवळ्या पाठीवरून हे नाव पडलं आहे. ती पाठ म्हणजे मैदा, साखर, अंड्याचा बलक आणि लोणी किंवा डुकराची चरबी यांची पातळ चकती, फुगून आलेल्या गोळ्यावर ठेवून भाजलेली. तिच्यात साखर भरपूर, त्यामुळे ती ओलावा चटकन ओढते. भट्टीतून काढलेल्या बनाच्या पोटात ९० अंश सेल्सियसच्या वर उष्णता असते आणि ती वाफ जायला जाळीवर निदान अर्धा तास लागतो. पिशवी बांधली की प्लास्टिकला आतून घाम फुटतो, थेंब पाठीवर उतरतात, साखर विरघळते आणि कवच पिशवीला चिकटून सालीसारखं निघून येतं. मुंबईचा पाववालासुद्धा गरम लादी कागदात बांधतो, ते उगाच नाही. बन गरमच विकायचा असेल तर कागदी पिशवी द्या आणि तिचं तोंड उघडं ठेवा.

कॉकटेल बन मात्र आदल्या दिवशीचे होते आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले होते. हात लावताच गार, दाबल्यावर भुसभुशीत. शिळेपणाची लाज वाटायचं कारण नाही. हा बन हाँगकाँगमध्ये १९५०च्या दशकात उरलेले बन कुटून, त्यात साखर घालून जन्माला आला असं सांगतात. पण पाव शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे. मैद्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि हे सगळ्यात झपाट्याने फ्रिजच्या चार-पाच अंशांतच घडतं. उरलेला खोबऱ्याचा किंवा लाल चवळीचा माल झाकून बाहेर ठेवा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी भट्टीत गरम करा. क्रीम आणि मांसाच्या बनांना फ्रिज हवाच, त्याबद्दल तक्रार नाही.

आता खरी गंभीर बाब. वाइफ केकच्या खणावर फक्त ‘विंटर मेलन’ एवढंच लिहिलं आहे. विंटर मेलन म्हणजे आपला कोहळा, त्यामुळे मराठी शाकाहारी गिऱ्हाईक पेठ्याच्या भरवशावर तो निःशंक उचलतं. या केकचे पापुद्रे मात्र पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीनेच सुटतात. तुमच्या केकमध्ये ती आहे का, असं काउंटरवर विचारलं तर एकीने ‘नाही’ सांगितलं, दुसरीने ‘असेल’. चरबी वापरायला आमची हरकत नाही, पापुद्रा तिनेच उत्तम होतो. हरकत आहे ती न लिहिण्याला. शिवाय सॉसेज बन आणि खोबऱ्याचा बन एकाच चिमट्याने उचलावे लागतात. खणागणिक वेगळा चिमटा टांगायला फार खर्च येत नाही.

किमतीचं थोडक्यात: खणावर पाइनॅपल बन १.७५ डॉलर, पावतीवर २.००. सहा बनांचे १.५० डॉलर जास्त लागले.

ते १.५० डॉलर आणि सहा बनांची मूळ किंमत १०.५० डॉलर, मिळून १२ डॉलर परत करावेत. चरबी, अंडी व तीळ असलेल्या प्रत्येक खणावर तशी पाटी लावावी आणि काउंटरवर सगळ्यांकडून एकच उत्तर मिळेल अशी व्यवस्था करावी. पावतीची प्रत आणि पिशवीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपले,
क्वीन्समधील काही मराठी ग्राहक