गाडीला पासिंग, मग पुलाला का नाही?

मा. संपादक,

31 वर्षे मी एसटी चालवली, त्यातली बरीचशी मुंबई-गोवा महामार्गावर रातराणीवर. महाड-पोलादपूरच्या मधला सावित्रीचा दगडी कमानींचा पूल माझ्या अंगवळणी पडला होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आमच्या दोन गाड्याही गेल्या. अजून लोक मला विचारतात, ड्रायव्हरला दिसलं कसं नाही? अहो, तसल्या पावसात वायपर नुसता हलत असतो, लाइट चार हातांवर विरतो. रस्ता काळा, पाणीही काळंच. पुढे पूलच नाही, हे कोणाच्या मनात येणार?

तिथला नवा काँक्रीटचा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. कौतुक आहेच. पण टपरीवर ऐकतो, ‘तो इंग्रजांच्या वेळचा होता, हा काँक्रीटचा आहे, आता बघायला नको.’ गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूलही काँक्रीटचाच होता, 1985 सालचा. 9 जुलै 2025 ला सकाळी चालत्या रहदारीत त्याचा गाळा खाली गेला. तुटल्या कडेवर अडकलेला टँकर सगळ्यांनी पाहिला.

एसटीचं ठरावीक मुदतीने पासिंग होतं. ब्रेक, पाटे, लाइट बघतात आणि मुदतीची तारीख गाडीवर रंगवतात. (पासिंगच्या आदल्या दिवशी डेपोत काय धावपळ चालते, ते मला विचारा. पण निदान तारीख तरी असते.) तशीच पाटी पुलाच्या दोन्ही तोंडांना लावा: पूल कोणत्या साली बांधला, शेवटचा कधी तपासला, पाण्याखालचा पाया बघितला की नाही, पुढची तपासणी कधी. पावसाळ्याआधी एकदा वरून बघून भागत नाही. पूर खांबाच्या बुडातली माती नेतो आणि वर डांबर जसंच्या तसं असतं. म्हणून मोठा पूर ओसरला की पाया पुन्हा बघायला हवा. शिवाय खांबावर रात्रीही दिसेल अशी लाल रेघ मारा. पाणी तिथे टेकलं की वरच्या हुकमाची वाट न बघता गाड्या थांबवायचा अधिकार जवळच्या पोलीस चौकीला द्या.

आमच्या गावाकडच्या एका लहान पुलावर पाणी जायची भोकं मातीने बुजली आहेत, रस्त्यावर तळं साचतं. सांध्यात उंबराचं रोप आलं होतं. दोनदा अर्ज केला, ‘पुढे पाठवला आहे’ एवढंच उत्तर मिळालं. शेवटी गेल्या पावसाळ्यात मीच कोयतीने ते रोप छाटलं. मूळ मात्र आतच राहिलंय.

– एक निवृत्त एसटी चालक, पोलादपूर