पुण्याच्या थंडीत बॅटरीला गोधडी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पारा दहाच्या खाली उतरला की पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेल्फ मारण्याचे आवाज सुरू होतात. गाडी लागत नाही म्हणून मोबाइलवरचे सल्ले वाचून लोक आता जिवावरचे उपाय करू लागले आहेत. परवा आमच्याकडे एका मोटारीच्या बॅटरीला जुनी गोधडी गुंडाळून बॉनेटखाली रात्रभर पिवळा बल्ब लावून ठेवला होता. गोधडीची कड होल्डरला टेकून काळी पडली होती, करपल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. ज्यांची गाडी, ते भले गृहस्थ. त्यांना नीट सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून हे पत्र.

मी सैन्याच्या ईएमई या वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत वाहनांवर काम केले, लेहचे हिवाळे पाहिले. तिथे बॅटरीला ऊब द्यावीच लागते. उणे वीसच्या आसपास साध्या अ‍ॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमके तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीत अ‍ॅसिड पातळ झालेले असते, ते उणे दहाच्या आधीच गोठते आणि खोके तडकते. म्हणून संध्याकाळी बॅटऱ्या काढून बराकीत आणायच्या, तेही बुखारीपासून (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीपासून) लांब, पलीकडच्या भिंतीला.

पुण्यात यातले काहीच होत नाही. इथली नीचांकी नोंद १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश. त्या रात्री पार उतरलेली बॅटरीसुद्धा गोठली नसती. आपल्या बॅटऱ्या मरतात त्या एप्रिल-मेमध्ये. बॉनेटखालच्या उष्णतेने पाणी उडते, प्लेटा गंजतात, आणि उन्हाळ्यात झालेले नुकसान डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारल्यावर कळते. गेलेला सेल उबेने परत येत नाही. शिवाय चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो गोधडीखाली साचला आणि ठिणगी पडली, तर खोके फुटून अ‍ॅसिड थेट तोंडावर उडते.

त्यापेक्षा रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मल्टिमीटरने बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्हची वायर काढा, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडे पुसा, पॉझिटिव्ह लावून निगेटिव्ह शेवटी कसा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. निम्म्या गाड्या एवढ्यावर लागतात, हा माझा अनुभव. स्कूटरवाल्यांनी तर जास्तच जपावे: अनेक नव्या गाड्यांना किक नाही, आणि किक असली तरी फ्युएल इंजेक्शनचा पंप बॅटरीवरच चालतो.

इलेक्ट्रिक स्कूटरची गोष्ट वेगळी. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतून कायमची बिघडते, हे खरे. पण तशी थंडी पुण्यात पडत नाही. तरीही काढता येणारी बॅटरी गिझरखाली किंवा रूम हीटरजवळ ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर पांघरूण घालू नका आणि ती जिन्यात, येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नका.

गॅरेजवाल्यांना एक विनंती. ‘बॅटरी गेली, नवी टाका’ म्हणण्याआधी लोड टेस्ट करून, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती किती टिकते ते तपासून, आकडा गिऱ्हाइकाला दाखवा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर चौदाच्या आसपास व्होल्ट मिळत नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) किंवा वायरिंगचा असतो, आणि मग नवी बॅटरीही आठवड्यात उतरते.

– निवृत्त सुभेदार, खडकी, पुणे