विमानतळाचा आराखडा आधी चावडीवर लावा

मा. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

कोल्हापूर विमानतळाचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा होतोय, त्याबद्दल हे पत्र. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या माळावर १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात विमानतळ झाला. पुढं कितीतरी वर्षं तो असून नसल्यासारखाच होता. २०१८ मध्ये छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून सेवा पुन्हा सुरू झाली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि १३७० मीटरची धावपट्टी १९३० मीटरवर आली. आता २३०० मीटरचं उद्दिष्ट आहे. याचा आनंदच आहे. (महाराजांचं नाव देण्याची मागणी आम्ही सोडलेली नाही, तो विषय वेगळा.)

पण हे सगळं तुकड्यातुकड्यानं झालं. आधी धावपट्टी ठरली, मग जमीन, मग विस्तारात अडकलेल्या तामगावच्या रस्त्याचं काय करायचं ते. हा नवा आराखडा करताना तरी आधी गावाला विचारा.

विमानतळाशेजारच्या मुडशिंगीत रस्त्याकडेला प्लॉट घेतलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. धावपट्टी लांबली की विमान उतरण्याच्या मार्गाखालची बांधकामाच्या उंचीची मर्यादाही पुढं सरकते. पाया घालताना दोन मजल्यांचं स्वप्न, आणि ना हरकत दाखल्याच्या वेळी कळणार की पाण्याची टाकीसुद्धा खाली घ्यावी लागेल. विस्ताराची अंतिम हद्द आजच गट नंबरासह नकाशावर दाखवली, तर तो पैसे अडकवण्याआधी विचार करील. नकाशा मराठीत हवा, आणि भिंतीवर लावल्यावर चष्मा न लावता वाचता येईल एवढा मोठा हवा.

दुसरं, महापूर. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याकडची वाट बंद झाली. अशा वेळी माळावरचा हा विमानतळ जिल्ह्याचा दरवाजा ठरू शकतो. मग मदत साहित्याचं गोदाम, जादा इंधनसाठा आणि हेलिकॉप्टरसाठी राखीव जागा आराखड्यात पहिल्या पानावर पाहिजे, परिशिष्टात नको. माळ फरशी-डांबरानं झाकल्यावर तिथलं पावसाचं पाणी कुठल्या ओढ्यात सोडणार, हेही लिहा. खालच्या शिवारातल्या उसात ते शिरायला नको.

कार्गोबद्दल, म्हणजे मालवाहतुकीबद्दल, थोडं स्पष्ट बोलतो. दर भाषणात आमचा गूळ विमानानं परदेशी जातो. ढेपेचं वजन आणि विमानाचं भाडं यांचा मेळ बसत नाही, हे मार्केट यार्डातला कुठलाही अडत्या सांगेल. त्यापेक्षा हुपरीच्या चांदी कारागिरांना आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना विचारा. कमी वजनाचा, महागाचा, घाईचा माल त्यांच्याकडं असतो. ते सांगतील तेवढंच गोदाम बांधा.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालंय, त्यामुळं येणंजाणं वाढणारच. त्या हिशेबानं बसस्टॉपही धरा.

कुस्तीमुळं कोल्हापूरच्या तालमीतली माती आपल्याला नवी नाही, म्हणून हक्कानं लिहितोय. उजळाईवाडी, मुडशिंगी, तामगाव, गोकुळ शिरगाव इथं ग्रामसभा घ्या. संध्याकाळी घ्या, दुपारी माणसं रानात असतात. हरकतीला किमान दोन महिने द्या. कुठली हरकत मान्य झाली, कुठली फेटाळली आणि का, ते लेखी कळवा. पहिल्या ग्रामसभेची तारीख आपल्या कार्यालयानं जाहीर करावी, एवढी विनंती.

आपला,
विमानतळाशेजारचा एक रहिवासी