नेटस्टॅटच्या ओळी मोजायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

त्या महिनाअखेरीच्या संध्याकाळी तुम्ही घरी निघाला होतात. पर्स खांद्याला, कॅब खाली उभी. माझा चेहरा बघून थांबलात. तेव्हा घाईत ‘थँक्यू’ म्हटलं, नीट आभार मानायचे राहूनच गेले.

दिवसभर सुरळीत चाललेली आमची बिलिंग सर्व्हिस गर्दी वाढली की सॉकेटच्या (नेटवर्क-जोडणीच्या) एररनी भरून जायची. सीपीयू निवांत, मेमरी निवांत. दोन तास मी समोरच्या पेमेंटवाल्या टीमच्या नावानं खडे फोडत होतो (त्यांचीही इथेच माफी मागतो). तुम्ही कोड बघायलाही मागितला नाहीत. ‘नेटस्टॅट चालव आणि टाइम-वेटच्या ओळी मोज,’ एवढंच म्हणालात. नेटस्टॅट म्हणजे मशीनची कनेक्शनं ओळीनं दाखवणारी कमांड, टाइम-वेट म्हणजे बंद होऊनही काही वेळ अडकून राहिलेलं कनेक्शन. सोळा हजारांच्या वर निघाल्या.

मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर तुम्ही हिशेब मांडलात. विंडोजवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला पोर्ट (जोडणीचे क्रमांक) मिळतात 49152 ते 65535, म्हणजे 16,384. कनेक्शन बंद केलं तरी, ज्यानं आधी बंद केलं त्याच्या बाजूला पोर्ट अडकून राहतो; आमच्या सर्व्हरवर 240 सेकंद. भागाकार केला, सेकंदाला 68 आले. एकाच पत्त्यावर याहून जास्त नवी कनेक्शनं सतत उघडली की चार मिनिटांत पोर्ट संपणार. आमचा वेग नव्वदच्या पुढे होता.

आणि उघडत कोण होतं? मीच. प्रत्येक कॉलला नवा एचटीटीपी-क्लायंट (दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारा डॉटनेटमधला ऑब्जेक्ट), तोही काम झालं की आपोआप आवरणाऱ्या ‘यूझिंग’मध्ये नीट गुंडाळून. वापरलं की आवरून ठेवावं, हे नव्या पोरांना मी मोठ्या तोऱ्यात शिकवायचो! पण दर नव्या क्लायंटबरोबर त्याचा कनेक्शन पूलही (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) नवा येतो, टीएलएसची म्हणजे सुरक्षित जोडणीची ओळखपरेडही पहिल्यापासून. क्लायंट स्टॅटिक केला, एकच सगळ्यांना वापरायला दिला, तशा त्या ओळी काही डझनांवर आल्या.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा तुमच्या दारात. पेमेंटवाल्यांनी सर्व्हर हलवला, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी नोंद) बदलला, जुनं मशीन मात्र काही दिवस चालू ठेवलं. आमचे कॉल जुन्याच मशीनवर जात राहिले, कारण पूलमधली कनेक्शनं जिवंत असेपर्यंत नव्या पत्त्याची चौकशीच होत नाही. तुम्ही सांगितलेला स्टॅटिक क्लायंटच चुकीचा, असं मी जवळजवळ म्हणून गेलो होतो. तुम्ही हसलात आणि डॉटनेट कोअर 2.1 पासून आलेली कनेक्शनचं आयुष्य ठरवणारी सेटिंग दाखवलीत. पाच मिनिटं टाकली. क्लायंट तोच, आतली कनेक्शनं ठरावीक वेळानं नवी.

त्याच दिवशी जाता जाता तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत. ग्राहकाचं टोकन (त्याची ओळख पटवणारी खूण) मी क्लायंटच्या डिफॉल्ट हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला आपोआप जोडल्या जाणाऱ्या माहितीत, भरत होतो. सामायिक क्लायंटमध्ये एकाचं टोकन दुसऱ्याच्या रिक्वेस्टबरोबर गेलं असतं. पोर्ट संपल्यावर निदान आरडाओरडा तरी होतो, हे गुपचूप झालं असतं. आता टोकन ज्या-त्या रिक्वेस्टवरच लागतं. त्या ओळीची आठवण झाली की अजून पोटात गोळा येतो.

वहीचं ते पान फाडून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. काल महिनाअखेर होती. रात्री नऊला ओळी मोजल्या, 37. आणि त्या दिवशी ताटकळलेल्या कॅबचे वेटिंगचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.

तुमचा,
बिलिंगवाला