काढा परत का पाठवला

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, गुळवेलीच्या काढ्याची बाटली न उघडताच परत आली म्हणून तू दुखावलीस, हे ताईकडून कळलं. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात तीन दिवस ‘ऑफिसच्या कामात अडकलो’ म्हणालो, ते खोटं होतं. दवाखान्यात होतो. हृदय बदलल्यापासून होणाऱ्या नेहमीच्या बायोप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर नवं हृदय नाकारायला लागलं होतं. मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेतात, चार-पाच कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. माझ्याच पांढऱ्या पेशी नव्या हृदयावर चालून गेल्या होत्या आणि मला पत्ता नाही! हृदय बसवताना त्याच्या नसा तुटतात, त्यामुळे दुखून ते सांगेलच असं नसतं. सलाईनमधून तीन दिवस स्टेरॉइडचे मोठे डोस दिले. परवाची बायोप्सी चांगली आली.

काढ्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण आधीची बाटली मी पंधरा दिवस घेत होतो, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आई, तू प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल उकळतेस. माझी मुद्दाम दाबून ठेवलीय. सात महिने झाले तरी शरीराच्या लेखी हे हृदय पाहुणंच आहे.

बाबा, 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदललं, तेव्हा तुम्ही परळलाच होतात ना? तो रुग्ण काही तासच जगला. अडीच महिने आधी केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण 18 दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. टाके घालणं जमत होतं, शरीराला आवरायचं किती ते जमत नव्हतं. कमी आवरलं तर हृदय जातं, जास्त आवरलं तर साधासा जंतूही माणसाला नेतो. पुढे नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सापडलं. माझी टॅक्रोलिमसची गोळी तसलीच, जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासूनची. औषध मातीतलं, आणि मला मात्र तुमच्या झाडांच्या आळ्यात हातमोज्यांशिवाय हात घालायची बंदी.

गणपतीला येतोय. पपनस गणपतीवरच्या माटवीला खुशाल बांधा, पण मला सोलून देऊ नका. त्यानं या गोळीची रक्तातली पातळी वाढते. पाणी उकळलेलं, कोशिंबिरीऐवजी शिजवलेली भाजी. तुम्ही दोघांनी फ्लूची लस त्याआधीच टोचून घ्या, म्हणजे घरातून मला फ्लू लागायची भीती कमी.

गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ. आरती रंगात आली असली तरी मी मधेच उठणार, तेव्हा आई, सगळ्यांदेखत हाका मारू नकोस.

तुमचा,
बाळू