सबर्बनचं काम कुठवर आलं

फोर्ट वर्थ, टेक्सास
एप्रिल, आखाजीच्या आधी

तीर्थरूप नानांस आणि सौ. आईस,
वैशालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

नाना, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पन्नास वर्षांच्या वरची गाडी कशाला घेतली? नवी मिळत नव्हती का?" आणि तेवढ्यात रेंज गेली. मग वाटलं, हे फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा बसून लिहावं. पत्र दिनेशकडून वाचून घ्या. पार्टांच्या नावाशी तो अडला, तर तुम्हीच त्याला समजावून सांगा.

गाडी शेव्हरले सबर्बन, १९७२ सालची. इथे तिला ट्रकच म्हणतात आणि ते बरोबर आहे. चासी, बोनेट, पुढचा सगळा भाग त्या काळच्या शेव्हरलेच्या पिकअपचा. फरक एवढाच, की हौद्याच्या जागी मागपर्यंत बंद पत्रा आणि आत सीटच्या तीन रांगा. नऊ माणसं बसतात. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत १२७ इंच, म्हणजे साडेदहा फुटांच्या वर. सबर्बन हे नाव कंपनी १९३५ पासून चालवते आहे आणि आजची सबर्बन आमच्या घरापासून जवळच, आर्लिंग्टनच्या कारखान्यात तयार होते. पण १९६७ ते १९७२ या सालांतल्या गाड्यांचं एक वेगळेपण आहे. त्यांना दारं तीन. ड्रायव्हरच्या बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे मागे बसलेली पोरं नेहमी फुटपाथच्या बाजूलाच उतरतात, वाहत्या रस्त्यात दार उघडतच नाही. पुढे १९७३ पासून चार दारं झाली. मला मात्र ही तीन दारांचीच हवी होती.

मिळाली ती लबकच्या बाजूला, इथून पश्चिमेला पाच तासांवर. नाना, तो मुलूख तुम्हाला दाखवायलाच हवा. सपाट जमीन आणि नजर पोचेल तिथवर कापूस, आडोशाला झाडसुद्धा नाही. जागोजागी जिनिंग. गाडी एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरची. म्हातारबाबा गेल्यावर बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. मधली सीट उचलली तर खाली सरकी निघाली, मूठभर. ती मी एका बरणीत ठेवली आहे.

तिकडची हवा कोरडी आणि रस्त्यावर मीठ नाही, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठं. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि जुन्या गाड्या खालून कुजून जातात. वरून रंग लखलखीत, पण चासीला पेचकस लावला तर आरपार. म्हणून पैसे द्यायच्या आधी गाडीखाली झोपून चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिली. तुम्ही टायर ठोकून पाहायचात तसा आवाज ऐकत गेले, कुठेही बद्द वाजली नाही. पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की तिथे चुंबक धरत नाही. उजव्या बाजूच्या मागच्या दाराखाली तेवढं धरलं नाही. बाकी पत्रा अस्सल. समोरच्या कप्प्याच्या झाकणाला आतून कारखान्याची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात काय काय बसवलं होतं, त्याची सगळी यादी तिच्यावर आहे. इंजिन ३५० घनइंचाचं, आपल्या हिशेबानं ५.७ लिटर, आठ सिलिंडर. पेट्रोलवर. तीन गिअरची ऑटोमॅटिक पेटी.

आता काम. सुरुवात ब्रेकपासून केली आणि त्याला कारण तुम्हीच. बिजासनचा घाट उतरताना केळीनं भरलेली गाडी तुम्ही खालच्या गिअरमध्ये धरून ठेवायचात, मधेच कडेला घेऊन ड्रमला पाठचा हात लावून बघायचात आणि क्लीनर दगड घेऊन चाकाशी उभा. त्या सुट्टीत मी केबिनमध्ये होते, जळालेल्या लायनरचा वास मला अजून आठवतो. "आधी थांबता आलं पाहिजे, मंग पळायचं," हे तुम्ही तेव्हा म्हणाला होता. इथे लोक जुनी गाडी आणली की पहिल्यांदा इंजिन सुरू करून बघतात. मी इंजिनाला हातच लावला नाही.

पुढे डिस्क ब्रेक आहेत. शेव्हरलेनं या ट्रकांना १९७१ पासून ते पुढच्या चाकांना कारखान्यातूनच दिले, मागे ड्रम. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या दोन्ही कॅलिपरचे पिस्टन गंजून बसले होते, मागचे व्हील सिलिंडर गळत होते आणि मास्टर सिलिंडरमधलं तेल काळंशार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, बदललं नाही की आतून सगळं खातं. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी तिन्ही काढून टाकले. जुना होज आतून फुगतो, पेडल दाबलं की तेल पुढे जातं आणि सोडलं की परत येत नाही, चाक धरूनच राहतं. तुम्हाला हे माहीत आहे, दिनेशसाठी लिहिते. लोखंडी पाइपही सगळे काढून तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे टाकले. ते गंजत नाहीत आणि हातानं वळवता येतात. टोकांना दुहेरी फ्लेअर केली, म्हणजे कड दोनदा दुमडून पसरवली. मास्टर सिलिंडर आधीपासूनच दोन भागांचा आहे, पुढची लाइन फुटली तरी मागचे ब्रेक राहतात.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला ओवी पेडलवर बसली होती आणि अर्णवनं बाटली धरली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, मग पुढची दोन. "पंप मार... दाबून धर... सोड नको!" अगदी तुमच्या आवाजात ओरडत होते, असं प्रशांत म्हणाला. पेडल वरच दगडासारखं घट्ट झालं तेव्हा ओवी म्हणाली, आता आजोबांना फोन करा. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते, म्हणून केला नाही.

इंजिन त्यानंतर. एवढी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला सेल्फ मारायचा नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडलं, मुरू दिलं आणि मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवलं. फिरलं! कॉम्प्रेशन आठही सिलिंडरांत जवळपास सारखं आलं, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम निघालं नाही. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट आणि होज नवे. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येत होता, टाकी उतरवून धुतली. ऑइल मात्र जपून निवडावं लागलं. व्हॉल्व्ह उचलणाऱ्या जुन्या टॅपेटला जस्त-फॉस्फरसचं जे संरक्षण लागतं, ते हल्लीच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये कमी केलेलं असतं, कारण सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरला ते बाधतं. जुन्या इंजिनांसाठीचं वेगळं ऑइल मिळतं, तेच घातलं.

दिनेश, हे तुझ्यासाठी. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि आपल्याकडे आता वीस टक्क्यांपर्यंत आहे. जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही. मी पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्बुरेटरचं किट इथेनॉल चालणारं घातलं. तुझ्या राजदूतचा टाकीखालचा पाइप बोटानं चेपून बघ. चिकट लागला किंवा भेगा दिसल्या तर आजच बदल, गाडीखाली पेट्रोल ठिबकायची वाट बघू नकोस.

आई, आता तुझा प्रश्न. "पोरांना त्यात बसवणार का?" बसवणार, पण पट्टे बदलल्याशिवाय नाही. या गाडीत फक्त कमरेचे पट्टे होते. खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ मध्येच तयार केला होता, पण या ट्रकांपर्यंत तो तेव्हा आलेला नव्हता. अर्णवची जी उंचवट्याची सीट आहे, ती नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर वापरायचीच नाही, असं स्पष्ट सांगतात, कारण धक्क्यात पोर कमरेतून दुमडतं. त्यामुळे पुढच्या आणि मधल्या रांगेला तीन टोकांचे पट्टे बसवायचं काम चालू आहे. नुसतं पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारला तर जोराच्या झटक्यात तो पत्रा फाडून निघतो. म्हणून खांबाच्या आत जाड प्लेट वेल्ड करून तिच्यात बोल्ट घेतोय. वेल्डिंग मी केलं नाही, ज्याचा हात त्यात बसलेला आहे अशाच माणसाकडून करून घेतलं. हे काम पुरं होईपर्यंत पोरं गाडीत बसतात ती फक्त गॅरेजमध्ये, खेळायला. तिसरी रांग काढून ठेवली आहे, तिथे पट्ट्यांची नीट सोय होईपर्यंत ती परत बसणार नाही.

गिअरची पेटी बदलायची ठरवली आहे. आताच्या पेटीत तिसरा गिअर सरळ एकास एक, त्यामुळे ताशी १०५ किलोमीटरला इंजिन २,९०० च्या आसपास फिरतं. इथले रस्ते लांबचे, सगळा वेळ तो आवाज कानात आणि पेट्रोल लिटरला पाच किलोमीटर. त्याच कंपनीची १९८२ साली आलेली चार गिअरची पेटी या इंजिनाला बसते. तिचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन २,००० वर येतं. पहिला गिअरही जुन्यापेक्षा जास्त ओढीचा आहे. तिला कार्बुरेटरपासून एक केबल येते, ती नेमकी जुळवली नाही तर पेटी थोड्याच दिवसांत जळते. ते काम मी घाईत करणार नाही. जुनी पेटी विकणार नाही, खोक्यात भरून ठेवणार. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात हवी वाटली तर ती हाताशी असावी.

वायरिंगमध्ये हेडलाइटना रिले घातले, म्हणजे सगळा करंट डॅशबोर्डच्या बटनातून जात नाही. ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं. एवढंच.

रंगावरून मात्र घरात बरीच चर्चा झाली. गाडी गेरूच्या रंगाची आणि वरचा भाग पांढरा. बोनेटवर ऊन खाऊन खाऊन रंग पातळ झालाय, दारावर त्या शेताचं नाव हातानं रंगवलेलं होतं ते पुसट दिसतं. प्रशांतला पूर्ण नवा रंग हवा होता. मी नको म्हटलं. थांबणं, पोरांचा जीव, आगीची भीती, या तीन गोष्टींत जुन्याचा हट्ट धरायचा नाही, तिथे आजचं जे उत्तम ते घालायचं. पण त्या म्हाताऱ्यानं बाजारातून येता-जाता जे दार उघडलं-लावलं, त्याच्यावरचं नाव पुसायचा मला अधिकार नाही. दाराखालचा कुजका पत्रा कापून ठिगळ मारलं, आतून गंजरोधक दिलं आणि तेवढाच भाग रंग जुळवून घेतला. प्रशांतला आता तेच पटलं आहे, आलेल्यागेलेल्याला तोच ते नाव वाचून दाखवतो.

आणि नाना, नवी का नाही घेतली, त्याचं उत्तर. नवी गाडी मला उघडता येत नाही. बोनेटखाली सगळं झाकलेलं, कॉम्प्युटर लावल्याशिवाय आजार कळत नाही. या गाडीत मी पाना हातात घेऊन उभी राहते तेव्हा काय कशाला जोडलंय ते दिसतं आणि ओवीला दाखवता येतं. तुमच्या टाटाखाली पाने पुढे करता करता मी जे शिकले, ते तिला शिकवायला माझ्याकडे दुसरं साधन नव्हतं. ती आता डोळे मिटून नऊ-सोळाचा पाना ओळखते.

आता दोन कामं. पहिलं तुमच्याकडे. मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट केलंय, पण चाक फिरवलं की एका जागी हलकंसं घासतं. लायनर नवे आहेत, ड्रम खरादून घेतलाय. थोडं चालवून लायनर बसू द्यावेत की परत उघडावं? आखाजीला फोन करेन तेव्हा सांगा. तुमचा आवाज स्पष्ट यावा म्हणून दिनेशच्या घरच्या वायफायवरून बोला.

दुसरं दिनेशकडे. फैजपूरला गाड्यांवर नावं लिहिणारे पेंटर अजून आहेत ना? नानांच्या गाडीच्या कपाळावर होतं तसंच "मनुदेवी प्रसन्न" एका पत्र्याच्या पट्टीवर लिहून घे. पट्टी १६ इंच लांब, ४ इंच रुंद, दोन्ही टोकांना पाव इंचाचं भोक. ऑइल पेंटच हवा, स्टिकर नको. अक्षरं पिवळी, कड लाल. प्रशांतचा मावसभाऊ मे महिन्यात येतो आहे, त्याच्या बॅगेत मावेल. रंग पूर्ण वाळल्यावरच कागदात गुंडाळ.

आई, बिबड्या पाठवू नकोस, मागच्या अजून आहेत. कळण्याचं पीठ मात्र पाठव.

तुमची,
वैशाली