कनेक्ट होत नाही म्हणून फायरवॉल बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोनवर गोड बोलून एनीडेस्क (दुसऱ्याचं मशीन लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) डाउनलोड करायला लावायचं, स्क्रीनवरचा नऊ आकडी नंबर विचारून घ्यायचा आणि खातं रिकामं करायचं, या प्रकाराच्या बातम्या आपल्या पेपरात वरचेवर येतात. रिझर्व्ह बँकेने तर २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना यावर सावध केलं होतं. त्यामुळे आता घरातली वयस्कर माणसंसुद्धा एनीडेस्क म्हटलं की सावध होतात, हे फार चांगलं झालं. पण अशा रिमोट सॉफ्टवेअरचा दुसरा एक धोका आहे, त्यात कुणाला फोन करावा लागत नाही, ओटीपी लागत नाही, आणि तो आपल्या तालुक्याच्या गावातल्या छोट्या छोट्या ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं तसाच पडून आहे. मी नेटवर्किंगचं काम करतो, सीए ऑफिस, औषधांचे होलसेलर, पतसंस्था, मार्केट यार्डातल्या पेढ्या इथं रोजचं जाणं असतं म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, फक्त पोर्टचा भाग कापू नका.

ऑफिसात एका मशीनवर टॅली असतं, त्यालाच सगळे सर्व्हर म्हणतात. मालकाला घरून हिशोब बघायचा असतो, जीएसटीची २० तारीख जवळ आली की सीएकडच्या मुलांना रात्री घरून एंट्र्या मारायच्या असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर ही गरज सगळ्यांना एकदमच पडली. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप (लांबून मशीन चालवायची सोय, यालाच आरडीपी म्हणतात) आयताच मिळतो, ऑफिसच्या आत चालतो पण घरून चालत नाही, मग कुणीतरी राउटरमध्ये शिरून ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेरून सरळ त्या मशीनकडे फॉरवर्ड करतो, तेवढ्यानं नाही जमलं तर अख्खं मशीन डीएमझेडमध्ये (म्हणजे सगळे पोर्ट बाहेरून उघडे) टाकतो, तरी नाही जमलं तर विंडोज फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारा पहारा) बंद, मग अँटीव्हायरस बंद, आणि शेवटी एकदाचं कनेक्ट झालं की सगळे खूश, चहा होतो, माणूस निघून जातो. यातल्या नेमक्या कशानं जमलं ते कुणी बघत नाही आणि बाकी जे बंद केलं ते परत चालू करायला कुणी येत नाही. माझी सगळी तक्रार याच जागेबद्दल आहे.

लोक म्हणतात आमच्या छोट्या ऑफिसात कोण कशाला घुसेल. अहो, तुम्हाला शोधत कुणी येतच नाही, मशीन सगळ्यांचीच दारं वाजवत फिरतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं टूल काढलं, त्यात एका साध्या सर्व्हरवरून चांगल्या लाइनवर जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवरच्या मशीनचे नंबर) पाऊण तासात तपासून होत होते, आणि ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ज्याच्याकडे ३३८९ उघडा आहे त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीच्या लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या नोंदी बघाव्यात, म्हणजे फसलेले लॉगिन. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, यूजर अशी नावं टाकून रात्रभर पासवर्ड लावून बघण्याचं काम चाललेलं दिसतं, ज्या मालकांना मी हे दाखवलं त्यांना दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. पोर्टचा नंबर बदलून ३३९० केला म्हणजे झालं असं बरेच जण समजतात, पण दुकानाची पाटी बदलली म्हणून दार बंद होत नाही, स्कॅनर सगळे नंबर तपासतो आणि समोरून रिमोट डेस्कटॉप बोलला की ओळखतो.

२०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत अटलांटा शहराच्या महापालिकेचं काम सॅमसॅम नावाच्या रॅन्समवेअरनं (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) ठप्प झालं होतं, त्या टोळीची पद्धत अशीच, उघडा आरडीपी बघायचा, पासवर्ड फोडायचा, आत शिरायचं. पुढच्या वर्षी मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप ही खोट निघाली, तिच्यात तर पासवर्डही लागत नव्हता. मायक्रोसॉफ्टला एवढी काळजी वाटली की सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा त्यांनी पॅच (खोट बुजवणारं अपडेट) काढला. आणि आपल्याकडे अजून विंडोज ७ वर टॅली चालू आहे! विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे निदान मालकांना माहीत तरी असावं.

आता कनेक्ट होत नाही तेव्हा नक्की काय बघायचं ते सांगतो, कारण बहुतेक वेळा कारण साधंच असतं आणि सुरक्षेला हात लावायची काही गरजच नसते. आधी ऑफिसच्या आतून, दुसऱ्या मशीनवरून चालतंय का ते बघा. मशीन झोपलेलं असतं, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप चालू राहिलेलं असतं, हे सगळ्यात जास्त वेळा. नाहीतर लाइट जाऊन आली, राउटर रीस्टार्ट झाला आणि सर्व्हरचा आयपी बदलला, मग राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी कायमचा राखून ठेवायचा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजची होम आवृत्ती असेल तर तिच्यावर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेताच येत नाही, प्रो लागते, तिथं कितीही डोकं फोडा. पासवर्डची गंमत वेगळीच, माणूस रोज पिन टाकून मशीन उघडतो आणि रिमोटलाही तोच पिन टाकत बसतो, तिथं अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. ज्या यूजरला पासवर्डच ठेवलेला नाही त्याला विंडोज रिमोटवरून आत घेत नाही, आणि ते बरोबरच करतं, ती सेटिंग शोधून बदलू नका, पासवर्ड ठेवा. यूजर अ‍ॅडमिन नसेल तर त्याचं नाव रिमोट डेस्कटॉप यूजर्सच्या यादीत घालावं लागतं. हे सगळं ठीक असूनही नाही झालं तर पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड टाकायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आयपी आणि पोर्ट देऊन चालवा, ती ट्रू म्हणाली तर वाट मोकळी आहे, घोळ लॉगिनचा आहे, फॉल्स म्हणाली तर अडवणूक मधे कुठेतरी आहे. तेव्हासुद्धा फायरवॉल बंद करायचा नाही, आधी नेटवर्क पब्लिक लागलंय की प्रायव्हेट ते बघायचं, मग रिमोट डेस्कटॉपचा नियम त्या प्रोफाइलला चालू आहे का ते बघायचं. एवढ्यात बरीचशी प्रकरणं मिटतात.

एक एरर मात्र आवर्जून सांगतो. २०१८ च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतर रिमोट डेस्कटॉप लावताना क्रेडएसएसपी नावाची एरर ठिकठिकाणी यायला लागली, कारण एका बाजूचं मशीन अपडेट झालेलं आणि दुसऱ्या बाजूचं नाही. त्याचा खरा इलाज दोन्हीकडे अपडेट मारणे. पण नेटवर सगळीकडे रजिस्ट्रीमधली (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधली) एक ओळ फिरत होती, ती टाकली की एरर जायची आणि ज्या खोटीसाठी अपडेट आलं होतं ती मोकळी राहायची. ती ओळ मला अजूनही जुन्या मशीनवर सापडते. एनएलए म्हणजे स्क्रीन दिसायच्या आधीच पासवर्ड तपासायची सोय, तिचंही तेच, जुन्या मशीनवरून लागत नाही म्हणून टिक काढली ती काढलीच.

बाहेरून लागत नाही याचं अजून एक कारण इंटरनेट कंपनीच्या बाजूला असतं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांना वाटून देतात, याला सीजीनॅट म्हणतात. राउटरमध्ये वॅन आयपी (इंटरनेट कंपनीनं दिलेला पत्ता) १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर समजा तुम्ही त्यात आहात, मग पोर्ट फॉरवर्ड कितीही केला तरी उपयोग शून्य. इथं लोक पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतात आणि मशीन थेट जगासमोर येतं, म्हणजे आधी नकळत जे थोडं संरक्षण होतं तेही पैसे देऊन काढून टाकतात. त्याऐवजी व्हीपीएन वापरा, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी पण फक्त आपल्या माणसांपुरती बंद वाट. टेलस्केल, झिरोटियर यांसारखी सॉफ्टवेअर सीजीनॅटच्या मागूनही चालतात आणि छोट्या ऑफिसला पुरतात. राउटरमध्ये वायरगार्डची (हाही व्हीपीएनचाच प्रकार) सोय असेल आणि पब्लिक आयपी असेल तर तेही उत्तम, त्याचा एक यूडीपी पोर्ट तेवढा उघडावा लागतो आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, स्कॅनरला तिथं काही आहे हेच कळत नाही. रिमोट डेस्कटॉप मग त्याच्या आतून, घरच्या नेटवर्कसारखा. जोडायला एक क्लिक जास्त पडते, सुरुवातीला लोक कुरकुरतात, नंतर सवय होते.

आता थोडं कडू बोलतो. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस रिमोटनं बसू शकतो, चार जणांना बसायचं असेल तर सर्व्हर विंडोज आणि माणशी लायसन लागतं, ते महाग पडतं म्हणून सिस्टिमची फाइल बदलणारा एक बाहेरचा पॅच टाकतात. विंडोज अपडेट झालं की तो पॅच बंद पडतो, बंद पडू नये म्हणून अपडेटच कायमचं बंद करून ठेवतात, आणि त्याच मशीनचा ३३८९ बाहेर उघडा. लोकांचे पॅन, बँक खाती, पगाराच्या शीट, कर्जाचे कागद असतात हो त्या मशीनवर, आणि ती माहिती मालकाची स्वतःची नसते, त्याच्या गिऱ्हाइकांची असते.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. एनीडेस्क कंपनीच्या स्वतःच्याच सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं आणि त्यांनी वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. कायमच्या अ‍ॅक्सेसचा पासवर्ड सगळ्या मशीनवर एकच ठेवू नका, टू-फॅक्टर (पासवर्डच्या जोडीला दुसरा कोड) चालू करा, कुठले आयडी आत येऊ शकतात त्याची यादी घालून द्या, आणि नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा अ‍ॅक्सेस त्याच दिवशी काढा. बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे न ठेवणंच, रॅन्समवेअर तोही लॉक करतं, एक हार्ड डिस्क रोज काढून कपाटात गेली पाहिजे.

आणि रॅन्समवेअर शिरून फाइलींची नावं बदललेली दिसलीच तर लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, घाईनं फॉरमॅट मारू नका, लॉग पुसले जातात आणि कोण कुठून आलं ते मग कळत नाही. सर्ट-इन (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) यांच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना सहा तासांत त्यांना कळवायची असते, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते आणि पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा.

आपल्या पेपरकडून एक अपेक्षा आहे. सायबरच्या बातमीत ओटीपी देऊ नका हे असतंच, त्याच्या जोडीला व्यापारी आणि सीए मंडळींसाठी हेही यावं की कॉम्प्युटरवाल्याकडून एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर लिहून घ्या, कुठला पोर्ट उघडला, काय बंद केलं, का केलं, आणि परत कधी चालू करणार. माझ्या धंद्यातल्या मित्रांना हे आवडणार नाही, पण मी स्वतः माझ्या गिऱ्हाइकांना असा कागद देतो, सहीसकट, आणि त्याची एक झेरॉक्स सर्व्हरच्या कॅबिनेटला आतून चिकटवतो.

आपला नियमित वाचक,
एक नेटवर्किंगवाला, सांगली